गजमेघाची वाट

ज्येष्ठ सरत आला की भोपाळच्या मोठ्या तलावावरचं आभाळ आधी पांढुरकं होतं, मग मळतं आणि मग एखाद्या दुपारी त्याला अंग फुटतं. पश्चिमेकडे, जिथून कोलांस नदी तलावात उतरते, तिथे आधी फक्त एक काळसर काठ दिसत असतो. बघता बघता त्याला पाठ येते, खांदे येतात, उतरता माथा येतो, पोटाखालचा ओला अंधार येतो. ते अंग घाई करत नाही. एक पाऊल टाकावं, हवेचा वास घ्यावा, मग दुसरं टाकावं, असं ते येत राहतं. काठावरचे गायबगळे उठतात आणि त्याच्या काळेपणावरून एक पांढरी रेघ ओढत जातात. अशा वेळी ‘ढग आले’ एवढंच म्हणून मन भरत नाही. डोळे आपोआप जनावर शोधू लागतात. विंध्याच्या या पठारावर ते शोधणाऱ्याला फार लांब जावं लागत नाही. दीड हजार वर्षांपूर्वी इथूनच एक मेघ गेला, आणि तो हत्ती होता.

कालिदासाच्या ‘मेघदूता’त मेघाकरवी निरोप धाडणारा यक्ष रामगिरीवर होता. वासुदेव विष्णु मिराशींसारख्या अभ्यासकांनी तो रामगिरी म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक असं मानलं. कुसुमाग्रजांपासून बोरकर आणि शान्ता शेळक्यांपर्यंत अनेकांनी हा मेघ मराठीत उतरवला, आणि त्या प्रत्येकाला पहिल्याच वळणावर तो हत्ती सांभाळून आणावा लागला. आषाढाच्या आरंभी डोंगरमाथ्याला बिलगलेला ढग यक्षाला दिसतो तो मातीच्या बांधाला दातांनी ढुशा देत खेळणाऱ्या हत्तीसारखा. या खेळाला जुना शब्द आहे, वप्रक्रीडा.

इथे जरा थांबू या. हत्ती खरोखर असं करतो. मातीतल्या क्षारांसाठी, कधी अंगावर उडवायला गार माती हवी म्हणून, कधी निव्वळ अंगातल्या रगीपोटी तो दरड उकरतो. ढगही डोंगराशी जे करतो ते याहून फार वेगळं नाही. समुद्रावरून आलेला ओला वारा कड्यावर आपटतो, वर चढतो, चढता चढता थंड होतो, आणि त्याच्यातली अदृश्य वाफ थेंब होऊन दिसू लागते. डोंगराच्या अंगाला घासत असतानाच ढग ढग होत असतो. मग त्याच्या पाण्यानं त्याच डोंगराची माती सुटते, दरडी कोसळतात, ओढे गढूळ होतात. म्हणजे उपमेत नुसता रंग नाही, नुसता आकारही नाही. एक मोठं, ओलं, ताकदवान शरीर जमिनीशी भिडलं की काय होतं, ते सगळं तिच्यात आहे. मला उपमा अशी आवडते. ती सजवत नाही, ती पाहिलेलं जपून ठेवते.

पुढे नर्मदा येते. विंध्याच्या पायथ्याच्या खडकांतून फुटून, अनेक धारांनी वाहणारी ती नदी वरून पाहणाऱ्या मेघाला हत्तीच्या अंगावर रेखलेल्या वेलबुट्टीसारखी दिसते. क्षणात सगळा डोंगरच हत्ती झाला! आणि मेघाला तिथे पाणी प्यायला सांगितलं आहे ते रानहत्तींच्या मदानं वासलेलं. एक हत्ती आभाळात, एक हत्ती डोंगर होऊन पसरलेला, आणि खरे हत्ती खाली पाण्यात. तिघांमधून तेच पाणी फिरतं आहे. जलचक्राचं चित्र शाळेच्या फळ्यावर आपण सगळ्यांनी काढलं; त्या बाणांना इतका वास कधी आला नव्हता.

नर्मदा ओलांडली की दशार्ण देश. भोपाळहून ईशान्येला विदिशेकडे जाणारा रस्ता त्याच देशातून जातो. कालिदासाच्या वाटेवर भोपाळ नाही, असणंही शक्य नाही. भोज राजाचा तलाव झाला तो अकराव्या शतकात. पण मेघ ज्या झाडांवरून गेला ती झाडं इथलीच आहेत. कवी सांगतो, कुंपणांवरचा केवडा उमलू लागलेला आहे, जांभूळबनं पिकून काळी पडली आहेत, आणि गावातल्या पूज्य वृक्षांवर कावळ्यांची घरटी बांधायची धांदल उडाली आहे. आषाढात या रस्त्यानं जावं आणि एखाद्या पाराजवळ उभं राहावं. पिंपळाच्या दुबेळक्यात कावळा काटक्या रचत असतो. त्याच्या विणीचा हा खरोखरच हंगाम. जवळच कोकिळा दबा धरून असते, कारण तिची अंडी त्याच घरट्यात जायची आहेत. ढगांसोबत उडणाऱ्या बलाकांचा गर्भकाळही कवीनं पावसाशी जोडला आहे. गायबगळ्यांच्या माथ्यावर आणि छातीवर केशरी झाक चढते ती याच दिवसांत. ज्यानं कावळ्याचं घरटं इतक्या नेमक्या महिन्यात ठेवलं, त्याचा हत्ती मी डोळे मिटून खरा मानते.

मग वेत्रवती, म्हणजे बेतवा, आणि तिच्या काठची विदिशा. तिथल्या ‘नीचै’ नावाच्या टेकडीवर मेघानं विसावा घ्यायचा आहे. पुष्कळ अभ्यासक ती टेकडी म्हणजे उदयगिरी असं समजतात. उदयगिरीच्या एका लेण्यात गुप्तकाळातला महावराह आहे. माणसाचं अंग, रानडुकराचं मुख, आणि सुळ्याला धरून वर येणारी पृथ्वी. मागच्या भिंतीवर पाण्याच्या लाटा कोरल्या आहेत. शेजारच्या लेण्यातल्या लेखाचा काळ इसवी सन ४०१-४०२ येतो. थोड्या अंतरावर विष्णू शेषावर निजलेला आहे. आषाढी एकादशीला देव झोपतात हे आपल्याला पंढरीच्या वाटेनं ठाऊक असतं. इथे तीच झोप दगडात पसरली आहे. श्रावणात खडक निथळत असताना वराहासमोर उभं राहिलं, की पाण्यातून जमीन वर काढणारं ते जनावर पुराणातलं वाटेनासं होतं. बाहेर शेतात चिखलातून सोयाबीनची रोपं डोकं काढत असतात.

‘मेघदूत’ सलग वाचताना एक गोष्ट सावकाश उलगडत जाते. मेघ वाटभर हत्तीच राहतो, पण प्रत्येक ठिकाणी निराळा. उज्जयिनीला, महाकालाच्या सायंनृत्याच्या वेळी, जास्वंदीसारखा लाल झालेला मेघ शंकराच्या वर उचललेल्या हातांवर पसरतो. शंकराला नाचताना ओलं गजचर्म पांघरायची इच्छा असते. आता त्याची गरज उरत नाही. पार्वतीच्या मनावरचं भय ओसरतं आणि ती स्थिर नजरेनं पाहत राहते. एका हत्तीचं कातडं सोलायचं वाचलं, कारण आभाळच त्याच्या जागी आलं. पुढे गंगेवर हाच मेघ मागचं अर्धं अंग आकाशात ठेवून, देवांच्या हत्तीसारखा, वाकून पाणी पितो. आणि शेवटी अलकानगरीत, यक्षाच्या घराशी, त्याला सांगितलं जातं की आता लहान हो, हत्तीच्या पिल्लाएवढा हो, म्हणजे तुला पटकन खाली उतरता येईल. वीजसुद्धा काजव्यांच्या ओळीइतकीच मंद चमकव. आत विरहानं खंगलेली बाई आहे.

रामगिरीवर दरड उकरणारा तो मस्तवाल हत्ती तिच्या दारी पोचेपर्यंत कलभ, म्हणजे पिल्लू, झालेला असतो. एवढं प्रचंड शरीर कुणाच्या दुःखासाठी आपण होऊन आवरलं जातं, हे मला या काव्यातलं सगळ्यात कोवळं स्थळ वाटतं. हत्तींच्या कळपात पिल्लू मध्ये असलं की मोठ्यांची पावलं कशी जपून पडतात, हे ज्यानं पाहिलं त्यालाच हे सुचावं.

आजचं विज्ञान ढगाकडे पाहतं तेव्हा तेही, कसं कोण जाणे, हत्तीपाशी येतं. उघडिपीच्या दिवशी दिसणारा कापशी ढग, समजा लांबी, रुंदी, उंची एकेक किलोमीटर, त्यात साधारण ५०० टन पाणी असतं. समजावून सांगताना शास्त्रज्ञ म्हणतात, शंभर हत्तींएवढं. हे शंभर हत्ती खाली का पडत नाहीत? कारण ते पाणी इतक्या बारीक थेंबांत वाटलेलं असतं की एकेक थेंब केसाच्या जाडीहूनही लहान, आणि खालून वर चढणारी ऊबदार हवा त्यांना तोलून धरते. वजन आहे, पण विखुरलेलं. काळ्या पावसाळी ढगात तर याच्या कितीतरी पट पाणी असतं.

आवाजाची गोष्ट याहून खोल जाते. १९८४ साली केटी पेन नावाच्या संशोधिका अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभ्या होत्या. कानांना काही ऐकू येत नव्हतं, पण हवेत एक थरथर जाणवत होती. पुढे ध्वनिमुद्रणातून कळलं की हत्ती माणसाच्या कानाला न पोचणाऱ्या खोल स्वरात एकमेकांशी बोलतात. मेघगर्जनेतही असा न ऐकू येणारा खर्ज असतो, आणि तो फार लांबवर जातो. २०१४ साली नामिबियातल्या हत्तींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाऊस दूर कुठेतरी पडत असताना, दिसण्याआधीच, कळपांनी आपली चाल बदलली होती. ते वादळाचा खर्ज ऐकत असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे मेघ आणि गज एकाच पट्टीत बोलतात, आणि निदान एका बाजूला दुसऱ्याचं बोलणं कळतं. कवींनी त्यांना भाऊ मानलं तेव्हा त्यांच्या हाती यंत्रं नव्हती. छातीत उमटणारी थरथर होती.

दूरच्या देशांतल्या कवींनी आपापल्या उंबऱ्यावरची जनावरं आभाळाला दिली. कार्ल सँडबर्गच्या १९१६ च्या शिकागोविषयीच्या संग्रहात धुकं मांजराच्या पावलांनी येतं. त्याच्या एक वर्ष आधी टी. एस. एलियटच्या कवितेत पिवळं धुकं खिडक्यांना अंग घासत हिंडतं. धुक्याला कड नसते, आवाज नसतो, ते कधी आलं हे कळत नाही आणि निघून गेलेलंही कळत नाही, मांजर तसंच. पौषातल्या पहाटे श्यामला टेकडीवरून तलाव पाहिला की मलाही ते पटतं. पाण्यावर कुणीतरी अंग गोळा करून निजलेलं असतं. वनविहाराच्या बाजूचा काठ दिसत नाही, फक्त कुठूनतरी टिटवी ओरडते.

पण एलियटचं ते पिवळं धुकं कोळशाच्या धुराचं होतं, हे भोपाळात राहणाऱ्याला विसरता येत नाही. १९८४ च्याच डिसेंबरात, दोन आणि तीन तारखेच्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. हवेपेक्षा जड वायू. रात्र थंड होती, वारा मंद होता. त्यामुळे तो वर गेला नाही, जमिनीला धरून जुन्या शहराच्या वस्त्यांकडे सरकत राहिला. सकाळी माणसांशेजारी गाई, म्हशी, बकऱ्या, कुत्री पडलेली होती. झाडांची पानं करपून गळली. कुणी त्याला साप म्हटलं, कुणी श्वापद म्हटलं, तर त्यांचं दुःख मला समजतं. पण मी त्या हवेला कोणत्याही प्राण्याचं नाव देणार नाही. आभाळाला जनावर म्हणणं म्हणजे त्याच्याशी नातं सांगणं. सापही भुकेपुरता आणि भयापुरता दंश करतो, त्याला पोट असतं, बीळ असतं, पावसाळ्यात पाणी शिरलं की तो बेघर होतो. त्या रात्रीच्या हवेला यातलं काही नव्हतं.

नातं सांगायची मराठी रीत आपल्या घरात, भिंतीवरच टांगलेली असते. भोपाळातल्या मराठी घरांतही पंचांग असतं, आणि पावसाळा जवळ आला की कुणी आजी त्यात वाहन बघतात. यंदा मृगाला कोण आहे? आर्द्रेला? सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकीवरून जनावर ठरवायचं. हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव. या गणितात कुणी आभाळाकडे पाहत नाही, त्यामुळे भाकित म्हणून मी त्यावर विसंबत नाही. पण ज्यांनी कुठलं जनावर कुठल्या पावसाला द्यायचं हे ठरवलं, त्यांची नजर पाहा. भरपूर पाऊस कुणाचा? बेडकाचा, म्हशीचा, हत्तीचा. तिघांनाही पाण्याशिवाय कातडी सांभाळता येत नाही. बेडूक तर कातडीनं श्वास घेतो. म्हशीला घाम फारसा येत नाही म्हणून ती डुंबते. हत्ती चिखल पांघरतो. ओढ देणारा पाऊस कोल्ह्याचा आणि मेंढ्याचा, उघड्या कोरड्या माळांवर निभावणाऱ्यांचा. घोड्याचा पाऊस डोंगरांवर धावून जातो. पंचांगाच्या एका बारीक ओळीत किती कातड्यांचं ज्ञान साठलं आहे!

मृगाच्या सरी पडल्या की भोपाळच्या मातीतून लाल मखमली किडे वर येतात. आपण त्यांना मृगाचे किडे म्हणतो, इथे त्यांना बीरबहूटी म्हणतात. वर्षभर जमिनीत निजलेला हा कोळ्यांचा छोटा नातलग नेमका त्याच दिवसांत का उठतो? कारण पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, ती हजारोंनी बाहेर पडते, आणि त्याच्या जेवणाची वेळ होते. डबक्यात मोठ्या बेडकांचे नर लिंबासारखे पिवळे होऊन गळ्याचे निळे फुगे फुगवतात. आफ्रिकेतून नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर आलेला चातक बाभळीवर ओरडतो. काव्यातला चातक फक्त आभाळाचं पाणी पितो. या चातकाला पावसानंतर पानांवर आलेले केसाळ सुरवंट हवे असतात, आणि आपल्या निळ्या अंड्यांसाठी सातभाईचं घरटं. चातक पावसावर जगतो हे खरंच आहे. फक्त तो पाऊस वाऱ्यातून पानात, पानातून सुरवंटात आणि सुरवंटातून चोचीत येतो.

पावसाचा शेवटही आपल्याकडे हत्तीवर बसून जातो. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या अखेरीस लागतं, आणि भोपाळचा पाऊस साधारण तेव्हाच निरोप घेतो. मराठी घरांतल्या मुली पाटावर हत्ती काढतात, त्याच्याभोवती फेर धरतात, खिरापत ओळखतात. भोंडल्यातला हत्ती म्हणजे परतीला निघालेला मेघच. गच्चीवर फेर चालू असताना पश्चिमेकडे कधीकधी तो खरोखर गुरगुरतो.

मात्र ज्याच्यावरून हे सगळं रचलं तो हत्ती या भागात आता रानात नाही. भोपाळहून सुमारे ४५ किलोमीटरवर भीमबेटकाच्या प्रस्तरगुहांत तो आहे. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनला आयुष्य वेचलेले विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ साली रेल्वेतून जाताना या खडकांकडे ओढले गेले. तिथल्या भिंतींवर आणि छतांवर पांढऱ्या आणि गेरूच्या रंगात हरणं, गवे, रानडुकरं, हत्ती चालले आहेत. मान वर करून, खडकाच्या छपराखाली उभं राहून ते पाहावे लागतात, जसे ढग पाहावे लागतात. अबुल फझलनं ‘आइन-ए-अकबरी’त माळव्याच्या ज्या ठिकाणी हत्ती सापडतात म्हणून नोंदलं, त्यात शेजारचं रायसेन आहे. चार शतकांपूर्वीची ही नोंद. त्यानंतर कधीतरी ते गेले. कालिदासाची उपमा तेवढी मागे राहिली.

२०१८ च्या सुमारास छत्तीसगडकडून एक कळप मध्य प्रदेशाच्या पूर्वेला बांधवगडात आला आणि राहिला. मला त्या बातमीनं फार आनंद झाला होता. २०२४ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस, भोंडले संपून थोडेच दिवस झाले असताना, त्यांच्यातले दहा हत्ती मेले. बुरशी लागलेलं कोदो धान्य त्यांनी खाल्लं होतं. ओलावा, दाणा, बुरशी, पोट. सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं हे आपण कौतुकानं म्हणतो. ते गुंतणं असंही असतं.

भोपाळच्या वेशीवर अजून वाघ आहेत. केरवा आणि कलियासोतच्या बाजूला ते शहराच्या दिव्यांपासून फार दूर नसतात. डिसेंबर २०२४ मध्ये रातापानीचं जंगल व्याघ्र प्रकल्प झालं, आणि भीमबेटकाचे खडक त्याच जंगलात आहेत. श्रावणातल्या रात्री त्या बाजूला गडगडलं की तिथली माणसं क्षणभर कान देतात, कारण ते आभाळ असेलच असं नाही. आपल्या कवितेत गर्जणारा ढग वाघ झाला, तरी तो बहुतेकदा वाघ न ऐकताच होत असावा. केरव्याजवळच्या एखाद्या घरात आज एखादी मुलगी वाढत असेल, जिला हे दोन्ही आवाज उशाशी ऐकू येतात. तिनं पावसावर लिहिलं, तर तिचा ढग आधी गवतात दबा धरेल का, उडी घेण्याआधी शेपटीचं टोक हलवेल का, आणि भिजलेल्या कातळावरून जाताना पंजे आत ओढून घेईल का, हे मला तिच्याकडून ऐकायचं आहे.